"हो" म्हणणारा पेशंट तोच असेल असं नाही: रेडिएशनमधली ओळख, नोंदी आणि चुका कळवणं

सकाळचे पावणेआठ, बाहेर धो धो पाऊस, कसाऱ्याकडच्या गाड्या लेट, कॅन्सरच्या रेडिएशनच्या वेटिंगमध्ये चाळीसेक माणसं. ज्यांचा नंबर होता ते अजून ठाण्याच्या पुढे आले नव्हते म्हणून जे समोर दिसतायत त्यांना आधी घ्यायचं चाललेलं. मी दारातून हाक मारली, "शेख!" एक चाचा उठले. मी त्यांना पूर्ण नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" ते म्हणाले, "हां." आत घेतलं, टेबलावर झोपवलं, डोकं हलू नये म्हणून पेशंटच्या मापाचा बनवलेला मास्क लावायला गेलो तर डावी बाजू बसेना. मी मनात म्हटलं सूज असेल, जरा दाबून लॉक करू. तेवढ्यात चादर घेऊन उभे असलेले आमचे वॉर्डबॉय मामा म्हणाले, "सर, हे काल त्या पलीकडच्या मशीनवर होते ना?"

ते दुसरेच शेख होते. ऐकायला कमी यायचं, पहाटे साडेपाचपासून बसलेले, मी कुठलंही नाव घेतलं असतं तरी "हां"च म्हणाले असते. बीम, म्हणजे किरण, गेला नव्हता, त्यामुळे चहावर आम्ही हसलो, मामांना एक वडापाव खिलवला आणि विषय संपला. कुणी काही लिहिलं नाही. काही आठवड्यांनी त्याच डिपार्टमेंटला दुसऱ्या मशीनवर एकाच नावाच्या दोन बायकांच्या बाबतीत हेच झालं आणि त्या वेळी एक फील्ड (एका दिशेने दिलेले किरण) गेलं. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि तसंही हे कुठेही होऊ शकतं.

तर हा लेख मुख्यतः नवीन टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे रेडिएशनचं मशीन चालवणाऱ्या, पोरापोरींसाठी, पण पेशंटचे नातेवाईक वाचत असतील तर त्यांनीही वाचा, कुठे काय विचारायचं ते कळेल. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: ज्या प्रश्नाचं उत्तर नुसतं "हो" देऊन भागतं तो प्रश्न रेडिएशनमध्ये विचारायचाच नाही. पेशंटला नाही, फाइलला नाही, आणि चूक झाल्यावर एकमेकांना तर अजिबात नाही.

पायरी पहिली: माणूस ओळखायचा

नियम जगभर एकच आहे, कमीत कमी दोन ओळखी जुळल्या पाहिजेत आणि त्या माणसाच्या असल्या पाहिजेत, जागेच्या नाहीत. म्हणजे पूर्ण नाव, फाइल नंबर, जन्मतारीख, फोटो हे चालतं. "दहा वाजताचा पेशंट", "बेड नंबर सातवाले", "ते ब्रेस्टवाले मॅडम" हे चालत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दिवसाला साठ-सत्तर पेशंट काढणाऱ्या मशीनवर आपण सगळेच कधी ना कधी "ते दहावाले आले का" असं म्हणतो, मीपण म्हणतो, फक्त त्यावर बीम चालू करत नाही.

विचारायचं असं: "तुमचं पूर्ण नाव सांगा." मग "जन्मतारीख सांगा." मग "लाईट कुठे घेताय, हात लावून दाखवा." आपल्याकडे पेशंट रेडिएशनला लाईटच म्हणतात, काही जुने लोक शेक म्हणतात, हिंदीवाले सिकाई म्हणतात, तोच शब्द वापरायचा, "रेडिओथेरपीची साइट कोणती" असं विचारलंत तर समोरचा घाबरून परत "हो" म्हणेल. पेशंट बोलत असताना तुमची नजर स्क्रीनवर किंवा फाइलवर पाहिजे, म्हणजे तो सांगतोय ते तिथे तसंच लिहिलंय का हे तुम्ही बघताय. आधी स्क्रीनवर वाचून मग त्याला ऐकवायचं नाही.

आता मुंबईतली अडचण. जन्मतारीख हा पुस्तकातला लाडका आयडेंटिफायर, पण आपल्याकडे कितीतरी लोकांच्या आधारवर ०१/०१ आणि अंदाजाने साल असतं. तारीख त्यांना स्वतःलाच माहीत नसते, वय विचारलं तर "असेल साठच्या आसपास". त्यामुळे एकट्या जन्मतारखेवर विसंबू नका. नाव, फाइल नंबर आणि फोटो ही तिन्ही बघा आणि शंका आली तर गाव विचारा. "गाव कुठलं?" हा प्रश्न मुंबईत जादूसारखा चालतो, कुणीही त्याला "हो" म्हणू शकत नाही. सातारा म्हटलं की पुढे "साताऱ्यात कुठलं?" फाइलमध्ये पत्ता असतोच, आणि माणूसही जरा मोकळा होतो.

नावांचंही तसंच. लग्नानंतर नाव बदललेलं, जुन्या रिपोर्टवर माहेरचं आणि नव्या फाइलवर सासरचं, एका कागदावर नवऱ्याचं नाव मध्ये तर दुसऱ्यावर वडिलांचं, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक लॅबचं वेगळं. नोंदणीच्या दिवशीच एक स्पेलिंग पक्कं करून घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा. त्या दिवशीच्या यादीत दोन सारखी नावं दिसली की दोघांच्याही फाइलवर रंगीत स्टिकर लावा, सिस्टिममध्ये अलर्ट टाका, आणि शक्य असेल तर दोघांना लागोपाठच्या वेळा देऊ नका. हाक मारताना आडनाव एकटं कधीच नाही. पाटील म्हटलं तर अर्धं वेटिंग उठतं.

जे बोलू शकत नाहीत त्यांचं काय? स्वरयंत्र काढलेले, गळ्याला ट्रेकिओस्टॉमीची नळी असलेले, जीभ कापलेले पेशंट आपल्याकडे भरपूर, तंबाखूने कृपा केलेली आहे. त्यांना पाटी किंवा कागद द्या, लिहिता येत नसेल तर हातात त्यांचंच कार्ड देऊन बोटाने नाव दाखवायला सांगा, सोबतच्या माणसाला वेगळं बाहेर घेऊन नाव आणि गाव विचारा आणि फोटो जुळवा. सोबतचा माणूस मात्र नेहमी खरं बोलतो असं धरू नका. तो खोटं बोलत नाही हो, पण कधी कधी तो आज पहिल्यांदाच आलेला भाचा असतो आणि त्याला मामाचं खरं नाव माहीत नसतं, घरात सगळे "अण्णा" म्हणतात. भूल देऊन ट्रीटमेंट घेणाऱ्या लहान मुलांची ओळख भूल देण्याआधी, आई-बाबा समोर असताना, हातातल्या पट्ट्यासकट पक्की करायची, आत नेल्यावर नाही.

उत्तर प्रदेश, बिहार, बंगालहून आलेले लोक, दादरच्या धर्मशाळेत किंवा ओळखीच्या कुणाच्या खोलीत राहणारे, त्यांना मराठी येत नाही आणि आपल्याला भोजपुरी येत नाही. हिंदीत विचारा, पण परत तसंच, नाव त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

फोटोबद्दल एक अनुभवाची गोष्ट. फोटो आपण पहिल्या दिवशी काढतो आणि सात आठवडे तोच बघतो. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट तोपर्यंत दहा किलो उतरतो, दाढी जाते, केमो चालू असेल तर केस जातात. पाचव्या आठवड्यात त्या फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस सख्खे भाऊ वाटले तरी खूप. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे पण कुणीच करत नाही.

आणि हे सगळं रोज. पहिल्या दिवशी सगळेच नीट विचारतात. विसाव्या दिवशी काकू आपल्या ओळखीच्या झालेल्या असतात, त्यांच्या सुनेचं नावपण आपल्याला माहीत असतं, मग नाव काय विचारायचं म्हणून लाज वाटते. काकूंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, "मी रोज नाव विचारणार, राग मानू नका, माझ्या आईलाही विचारलं असतं." नंतर त्या स्वतःच दारातून नाव सांगत आत येतात.

पायरी दुसरी: मास्क, बोलस, कन्सोल, म्हणजे वस्तूंचीही ओळख

पेशंट बरोबर पण मास्क दुसऱ्याचा, हेही होतं. मास्कवर नाव, फाइल नंबर, साइट, बनवल्याची तारीख आणि डोक्याखालचा हेडरेस्ट कोणता ते लिहायचं, आणि थेट मास्कच्या कडेवर पर्मनंट मार्करने लिहायचं. नुसत्या चिकटपट्टीवर लिहू नका, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पट्ट्या गळून खाली पडतात आणि सफाईवाली मावशी बिचारी त्या दिसेल त्या मास्कला चिकटवून ठेवते, चांगल्या मनाने. मास्क नीट बसत नसेल तर दाबू नका. थांबा. एक तर मास्क दुसऱ्याचा आहे, नाहीतर हेडरेस्ट चुकलाय, नाहीतर पेशंट बदललाय, म्हणजे सुजलाय किंवा वाळलाय. तिन्हीत दाबणं हे उत्तर नाही. माझ्या बाबतीत मास्क मला ओरडून सांगत होता आणि मी त्याला सूज म्हणत होतो.

बोलस (त्वचेवर ठेवायचा थर), वेज (किरणांच्या वाटेतली पाचर), इलेक्ट्रॉनचा कटआउट (किरणांना आकार देणारा साचा) यांनाही हेच लागू. कुणाचा आहे ते त्याच्यावर लिहिलेलं असावं.

कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवर, एका वेळी एकच फाइल. आधीच्या पेशंटचा प्लॅन (किरण कुठून किती द्यायचे तो आराखडा) उघडा राहिला आणि पुढचा पेशंट टेबलावर गेला, असं होण्यासाठी फक्त एक फोन वाजावा लागतो. पेशंट बाहेर पडला की आधी त्याचा प्लॅन बंद, मग पुढच्याला हाक. बारकोडने प्लॅन उघडणारी सिस्टिम असेल तर चांगलंच आहे, पण बारकोड कार्ड ओळखतो, माणूस ओळखत नाही. नवऱ्याने घाईत दुसऱ्याचं कार्ड उचलून आणलं तर मशीन आनंदाने दुसऱ्याचा प्लॅन उघडून देईल.

बाजू हा वेगळा विषय. पेशंट समोर तोंड करून उभा असतो तेव्हा त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, हे शाळेतल्या पोराला कळतं आणि संध्याकाळी सहा वाजता आपल्याला कळत नाही. "डावा" आणि "उजवा" हे शब्द पूर्ण लिहा, एका अक्षराचे शॉर्टफॉर्म नकोत.

पायरी तिसरी: बीमच्या आधीचा थांबा

दोन टेक्नॉलॉजिस्ट पाहिजेत. एकाने फाइलमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टेबलावर बघून आकडा परत बोलायचा. शिफ्ट म्हणजे खुणेपासून टेबल किती सरकवायचं ते. "शिफ्ट बरोबर आहे ना?" "हो." हे चेकिंग नाही, हा नमस्कार-चमत्कार आहे. "शिफ्ट किती?" "डावीकडे २.५ सेंटीमीटर, वर १ सेंटीमीटर." हे चेकिंग.

आकडे लिहिताना पॉइंटच्या आधीचं शून्य सोडू नका, ०.५ असंच लिहा, आणि सेंटीमीटर की मिलिमीटर ते प्रत्येक वेळी लिहा. पहिल्या दिवशी सीटीच्या खुणांपासून आयसोसेंटरपर्यंतची (किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतची) शिफ्ट देताना फिजिसिस्ट (डोसचं गणित आणि मशीन तपासणारे) आणि डॉक्टर हजर हवेत, इमेज बघून सही हवी. पहिला दिवस चुकला तर चूक रोज छान जुळत जाते, कारण नंतरचा प्रत्येक दिवस आपण पहिल्या दिवसाशीच जुळवतो.

टेबलाची पोझिशन कालच्यापेक्षा सहा सेंटीमीटर वेगळी आली आणि मशीनने ओव्हरराइड (तरीही पुढे जायची परवानगी) मागितलं तर ते बटण म्हणजे मशीनने विचारलेला "हो ना?" आहे. दाबायच्या आधी कारण शोधा. बेसप्लेट (मास्क जिच्यावर अडकवतो ती पाटी) वेगळ्या खाचेत लागली असेल तर तसं लिहा आणि मग दाबा. कारण सापडत नसेल तर पेशंटला खाली उतरवा आणि नाव विचारण्यापासून परत सुरू करा. कोन-बीम सीटीचं (टेबलावरच काढलेल्या स्कॅनचं) ऑटोमॅच हिरवं आलं म्हणजेही सगळं झालं नाही, पाठीच्या मणक्यांत सॉफ्टवेअर एक मणका वरखाली जुळवून मोकळं होऊ शकतं, मणके एकमेकांसारखेच दिसतात. मोजत या.

ब्रेकीथेरपीत, म्हणजे नळीतून किरणोत्सारी तुकडा शरीराच्या आत नेऊन डोस देतात तिथे, नळ्यांचे नंबर. कोणती ट्रान्सफर ट्यूब कोणत्या चॅनलला आणि तिची लांबी किती, हे एकाने लावायचं, दुसऱ्याने बोट ठेवून वाचायचं. तिथे एका फ्रॅक्शनचा, म्हणजे एका वेळच्या ट्रीटमेंटचा, डोस मोठा असतो आणि फ्रॅक्शन मोजकीच असतात, त्यामुळे "उद्या सुधारू" ला जागा फारच कमी.

पायरी चौथी: नोंदी

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. प्रत्येक फ्रॅक्शनला काय लिहायचं ते आधी सांगतो: तारीख आणि वेळ, एकूण किती पैकी कितवं फ्रॅक्शन, प्रत्येक फील्डचे एमयू (मशीनने किती किरण सोडले ते मोजायचं एकक), आजचा डोस आणि आजवरचा एकूण डोस, कोणती ॲक्सेसरी लावली, कोणती इमेज काढली आणि तिच्यावरून किती हलवलं, दोघांच्या सह्या. कॉम्प्युटर यातलं बरंच आपोआप लिहितो, पण बोलस ठेवलं की नाही हे कॉम्प्युटरला दिसत नाही, तुम्ही टिक केलं की तो विश्वास ठेवतो. म्हणून टिकमार्कवाले रकाने मला आवडत नाहीत. टिक म्हणजे परत "हो" आलं. जिथे आकडा लिहिता येतो तिथे आकडा लिहा.

लिहायचं तेव्हाच्या तेव्हा. नवीन असताना मी दिवसभराच्या सह्या संध्याकाळी एकत्र करायचो, सगळेच करायचे, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाचं तरी फ्रॅक्शन एक जास्त किंवा एक कमी निघायचं, मग सगळे मिळून "अरे मंगळवारी ते आलेले ना?" असं आठवत बसायचो. ही आठवण कोर्टात सोडा, डॉक्टरांसमोरपण टिकत नाही.

चुकीचं लिहिलं गेलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर डिपार्टमेंटमध्ये ठेवूच नका. कॉम्प्युटरवर खोडू नका, नवीन नोंद जोडा.

आता एक जागा जिथे हमखास गडबड होते, मध्येच बंद पडलेलं ट्रीटमेंट. फील्डचे १२० एमयू द्यायचे होते आणि ६३ वर मशीन ट्रिप झालं. अशा वेळी सगळे इंजिनिअरला फोन करायला धावतात. आधी स्क्रीनवरचा आकडा कागदावर लिहा, शक्य असेल तर प्रिंट काढा, मग फोन. मशीन रीस्टार्ट केलं आणि आकडा गेला तर उरलेले ५७ आहेत की परत १२० हे कोण सांगणार? सिस्टिम पार्शल म्हणून लक्षात ठेवते हे खरं, पण वीज जाऊन सगळंच बसलं तर कागदच कामाला येतो.

डोसची एककं. २ ग्रे म्हणजे २०० सेंटीग्रे, दोन्ही पद्धती एकाच डिपार्टमेंटमध्ये चालू असतील तर आजच एक निवडा. वेळेचंही तसंच, आणि याचं जे उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो ते कोस्टारिकाचं. १९९६ मध्ये तिथल्या सान होजेमधल्या एका हॉस्पिटलमध्ये कोबाल्ट मशीनचा सोर्स (किरण देणारा किरणोत्सारी तुकडा) बदलला आणि नव्या सोर्सचा डोस रेट (ठराविक वेळात किती डोस) काढताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद धरले गेले. खरं तर ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. त्यामुळे सोर्स आहे त्यापेक्षा कमजोर वाटला, प्रत्येकाला जास्त वेळ दिला गेला, आणि ११५ पेशंटना जास्त डोस बसला. एका पॉइंटची गोष्ट. आपल्याकडे बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बनवलेलं भाभाट्रॉन आणि इतर कोबाल्ट मशीनं अजून कामात आहेत, कोबाल्टची ताकद महिन्याला साधारण १ टक्का कमी होते म्हणून वेळेचा तक्ता बदलत राहतो, तेव्हा जुना तक्ता भिंतीवरून काढून टाका. दोन तक्ते लावलेली भिंत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

दुसरं उदाहरण ग्लासगोचं. २००६ मध्ये तिथे एका किशोरवयीन मुलीला ठरल्यापेक्षा ५८ टक्के जास्त डोस गेला. सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्यावर आकडे देण्याची पद्धत बदलली होती, पण कागदावरचा फॉर्म जुन्याच पद्धतीने भरला गेला आणि पुढे तो तपासण्यात सुटला. म्हणून तुमच्याकडे सॉफ्टवेअर बदललं की फिजिसिस्टना पहिला प्रश्न विचारा, "आता फॉर्ममधलं काय बदललं?" "काही बदललं का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" येईल.

प्रिस्क्रिप्शन बदललं तर डॉक्टरांची लेखी सही. फोनवर "दोन वाढवून टाक" चालणार नाही, व्हॉट्सॲपवर अंगठा पण नाही. डॉक्टर चिडतील, चिडू द्या. बूस्ट (शेवटी लहान भागाला द्यायचा वाढीव डोस) सुरू झाला की जुना फेज सिस्टिममध्ये बंद केलेला पाहिजे, नाहीतर यादीत दोन्ही उभे असतात आणि रविवारनंतरचा नवा माणूस वरचा निवडतो.

दर ५ फ्रॅक्शननंतर फिजिसिस्टकडून चार्ट तपासून घ्या, आणि तीन ठिकाणचं मोजणं जुळवा: कॉम्प्युटर, कागद, आणि पेशंटचं स्वतःचं कार्ड. पेशंटला कार्ड द्याच. त्याच्याइतकं अचूक कुणी मोजत नाही, तो घरी जायची तारीख मोजत असतो. "सर, तुम्ही १६ म्हणताय, माझ्या १७ झाल्या" असं कुणी म्हणालं तर हसू नका, शोधा.

चुकलेले दिवस पण नोंदीतच येतात. मुंबईत पेशंट न येण्याची कारणं आपल्याला पाठ आहेत, गाड्या बंद, विसर्जन, पाणी तुंबलं, २६ जुलै २००५ नंतर तर काय काय झालं होतं. पण नुसतं "गैरहजर" लिहून थांबू नका. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एकूण कालावधी लांबला की त्याचा परिणाम ट्रीटमेंटवर होतो, म्हणून त्याच दिवशी फोन करा, कारण लिहा, डॉक्टरांना कळवा. शनिवारी घ्यायचं का, एका दिवशी दोन द्यायचे का (दोनमध्ये किमान ६ तास ठेवून), हे ते ठरवतील. आपण परस्पर ॲडजस्ट करायचं नाही.

आणि सुरुवातीलाच विचारा, "याआधी कधी लाईट घेतली होती, कुठे, कधी?" कोल्हापूरला किंवा पाटण्याला पाच वर्षांपूर्वी घेतलेली असते, सांगायचं लक्षात येत नाही, कागद गावच्या ट्रंकेत. ते कागद मागवून घ्या. त्याचबरोबर पेसमेकर आणि बायकांच्या बाबतीत प्रेग्नन्सी. ट्रीटमेंट संपल्यावर जी समरी देता तिच्यावर एकूण डोस, फ्रॅक्शन, तारखा आणि नेमका भाग लिहिलेला असावा. नातेवाईकांनो, हा कागद जन्मभर सांभाळा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, तिथून काही हरवत नाही.

हो, आणि पेशंटचा मास्कसकट फोटो, फाइल नंबर दिसणारा स्क्रीन, हे स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका. शंका विचारायची असेल तर फिजिसिस्टला बोलवा, चार पावलांवर बसतात.

पायरी पाचवी: चूक झाली, आता?

बीम थांबवा. पेशंटला सुरक्षित खाली घ्या, बसवा, पाणी द्या, एकटं सोडू नका. वेळ आणि गेलेले एमयू लिहा, स्क्रीन प्रिंट करा, फॉल्ट मेसेज क्लिअर करू नका, मास्क-बोलस आहे तिथेच ठेवा. मग फिजिसिस्ट, ट्रीटिंग डॉक्टर आणि आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर), तिघांना लगेच सांगा. त्या पेशंटचं पुढचं फ्रॅक्शन ते ठरवेपर्यंत बंद. चुकून दुसऱ्याचा प्लॅन गेला असेल तर पेशंट दोन आहेत हे विसरू नका, ज्याचा प्लॅन उघडला होता त्याच्या रेकॉर्डमध्ये आता एक न घेतलेलं फ्रॅक्शन "दिलं" म्हणून दिसतंय. घाईत हेच राहून जातं.

पेशंटला डॉक्टरांनी सांगायचं, साध्या भाषेत, खरं. तुम्ही दारात उभं राहून अर्धवट काही सांगू नका पण खोटंही बोलू नका. "डॉक्टर तुमच्याशी बोलणार आहेत, मी इथेच आहे" एवढं पुरतं.

मग लिहायचं. निअर मिससुद्धा, म्हणजे बीम गेला नाही पण जाता जाता राहिला ते. खरं तर तेच जास्त लिहा, कारण त्यात कुणाला इजा झालेली नसते, सगळे मोकळं बोलतात. रिपोर्ट कसा लिहू नये ते बघा: "टेक्नॉलॉजिस्टच्या निष्काळजीपणामुळे चुकीचा पेशंट आत घेतला गेला. समज देण्यात आली." यातून कुणाला काय कळलं? माझ्या शेखचाचांचा रिपोर्ट मी आज असा लिहीन: "सकाळी ७.४५ वाजता फक्त आडनावाने हाक मारली. त्या वेळी वेटिंगमध्ये त्या आडनावाचे दोन पेशंट होते, यादीवर सारख्या नावाची खूण नव्हती. पेशंटला नाव सांगायला न लावता नाव घेऊन विचारलं. पेशंटला कमी ऐकू येतं, फाइलवर नोंद नाही. मास्क डावीकडे बसला नाही तरी सेटअप चालू ठेवला. वॉर्डबॉयने ओळखलं. बीम दिला नाही." नाव कुणाचंच नाही, पण सुधारायच्या चार-पाच जागा लगेच दिसतात. रिपोर्टमध्ये काय घडलं ते क्रमाने यावं, कोण वाईट ते नको.

कुठे पाठवायचं? आधी आपल्याच हॉस्पिटलमधल्या कमिटीकडे, ज्यात डॉक्टर, फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि सिस्टर असाव्यात. पेशंटला ठरल्यापेक्षा वेगळा डोस गेला किंवा सोर्सचा काही प्रश्न आला तर आरएसओ आणि हॉस्पिटल ते एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवतात, ते ऑफिस आपल्याच अणुशक्तीनगरला नियामक भवनात आहे, १९८३ पासूनची संस्था. याशिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची सॅफ्रॉन नावाची सिस्टिम २०१२ पासून चालू आहे, तिथे हॉस्पिटलं स्वतःहून आपले किस्से टाकतात आणि दुसऱ्यांचे वाचतात, शिक्षा वगैरे काही नाही. महिन्यातून एकदा चहाबरोबर त्यातला एक किस्सा वाचा, कुठल्या तरी लांबच्या देशातली गोष्ट असते आणि वाटतं ही आपल्याच कन्सोलवरची आहे.

मेमो. हा शब्द आला की सगळे गप्प. ज्या डिपार्टमेंटमध्ये पहिल्या रिपोर्टवर मेमो मिळतो तिथे दुसरा रिपोर्ट येत नाही, आणि मग एचओडी (विभागप्रमुख) अभिमानाने सांगतात की आमच्याकडे वर्षभर एकही घटना नाही. माझा अशा डिपार्टमेंटवर काडीचा विश्वास नाही. मुद्दाम रेकॉर्ड बदलणं, लपवणं, हे वेगळं, त्याला मेमो काय अजून काहीही द्या. पण मास्क बसला नाही म्हणून थांबलेल्या आणि ते लिहिलेल्या पोरीला ओरडलात तर पुढच्या वेळी ती मास्क दाबेल.

मामा आणि मावशींनाही सांगून ठेवा की त्यांना काही खटकलं तर बोलायचं, बोलल्यावर कुणी "तुम्हाला काय कळतं" म्हणणार नाही. ते लिहीत नसतील तर तुम्ही त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. पेशंट वेटिंगमध्ये कोणाशेजारी बसतो, कुठल्या मशीनला जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

रिपोर्ट आला की आठवड्याच्या आत काहीतरी छोटं बदललेलं दिसलं पाहिजे आणि लिहिणाऱ्याला ते सांगितलं पाहिजे. स्टिकर आले, यादीत ऐकू न येण्याचा रकाना आला, एवढंही चालेल. काहीच हललं नाही तर तिसऱ्या महिन्यात रजिस्टर कोरं राहतं. कमिटीत बसून "चेक केलं होतं का?" विचारू नका, "चेक करताना काय बघितलं?" विचारा.

नातेवाईकांसाठी एवढंच: आत जाताना पेशंटला स्वतःचं नाव सांगायला शिकवा, कुणी विचारो ना विचारो. मास्क आज वेगळा टोचला, रोज दहा मिनिटं लागतात आणि आज तीनच लागली, रोजच्यापेक्षा वेगळ्या मशीनवर नेलं, तर विचारा. आत काही वाटलं तर हात वर करायचा, कॅमेऱ्यात आम्हाला दिसतं, आम्ही थांबवतो. विचारल्याबद्दल कुणी रागावलं तर तो त्याचा प्रॉब्लेम.

घटना लिहायचं रजिस्टर एचओडींच्या कपाटात ठेवू नका, कन्सोलवर ठेवा, उघडं, आणि पेन दोरीने बांधा, नाहीतर दोन दिवसांत जातो आणि मग "पेन नव्हता म्हणून लिहिलं नाही" हे मी स्वतः ऐकलेलं आहे.